आमची वाटचाल : काळ्या ठोकळ्याची गोष्ट

आज आम्ही जुन्या अॅम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर रंगवून देतो, पण आमची सुरुवात रंगकामानं झाली नाही. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे, कपॅसिटर बदलायचे, बायस (व्हॉल्व्हमधला स्थिर करंट) लावायचा, एवढंच काम होतं. पण वाजायला लागलेला सेट घेऊन जाताना गिऱ्हाईक हमखास बोट दाखवायचं, ‘‘आणि याचं काय?’’ बोट ट्रान्सफॉर्मरवर. चेसिस (धातूचा सांगाडा) पुसली की उजळते, व्हॉल्व्ह नवे येतात. मधला काळा ठोकळा मात्र गंजून, पोपडे धरून बसलेला.

पहिली दोन वर्षं हे काम आम्ही फुकट करायचो आणि तेवढ्याच मनानं करायचो. ड्रिलला तारेचा ब्रश लावायचा, गंज घासायचा, काळा स्प्रे मारायचा. पंधरा मिनिटांत मोकळे.

मग एक सेट परत आला. ट्रान्सफॉर्मर तासाभरात हात ठेववणार नाही इतका तापायचा, शिवाय गुणगुणायचा. दोष आमचाच होता. दोन्ही बाजूंच्या टोप्या (कव्हरांना आम्ही टोप्याच म्हणतो) काढून रंगवल्या होत्या आणि बसवताना बोल्टखालचे फायबरचे वॉशर तुटके दिसले म्हणून फेकून दिले होते. कोअर म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा, सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांची चळत. प्रत्येक पत्री शेजारणीपासून इन्शुलेशननं वेगळी ठेवलेली असते, नाहीतर लोखंडातच एडी करंट, म्हणजे विजेचे भोवरे, फिरून ते तापतं. ते वॉशर आणि बोल्टवरची नळी याचसाठी असते. तारेचा ब्रशही तेच नुकसान हळूहळू करतो. पत्र्यांच्या कडांवरचं लोखंड ओढून शेजारच्या कडेला चिकटवतो. दिसायला चकचकीत, आतून जोडलेलं. तो ब्रश आम्ही त्याच दिवशी हद्दपार केला आणि या कामाचे पैसे घ्यायला लागलो. फुकटचं काम कोणी मन लावून करत नाही, आम्हीही करत नव्हतो.

आता सेट आला की आधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करतो आणि मीटर लावून खात्री करतो. सेट बंद असला तरी तिथे चारशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात. मग मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायचा मीटर. वाइंडिंग (तारेची वेटोळी) आणि कोअर यांच्यातलं इन्शुलेशन ५०० व्होल्टवर टिकलं नाही, तर रंगाचा डबा उघडतच नाही. मेलेल्याला पावडर लावण्यात अर्थ नाही, असं सरळ सांगतो. काहींना राग येतो.

कोअरवरचा गंज नायलॉनच्या पॅडनं, कोरडाच, पत्र्यांच्या लांबीच्या दिशेनं काढायचा. आडवा हात मारायचा नाही. पडलेली भुकटी व्हॅक्युमनं लगेच ओढायची. राहिलेल्या गंजावर टॅनिक अॅसिडचं कन्व्हर्टर लावतो, त्यानं गंज काळा पडून स्थिर होतो. पण ब्रश जवळजवळ सुका हवा. पत्र्यांमधल्या फटी केशाकर्षणानं द्रव आत ओढतात आणि तो कागदाच्या इन्शुलेशनपर्यंत पोचला, तर केलेलं सगळं मातीत. सँडब्लास्टिंग फक्त सुट्या टोप्यांना. रंग भाजायचा तोही टोप्यांपुरताच. अख्खा ट्रान्सफॉर्मर भट्टीत घातला तर आतलं मेण वितळून बाहेर येतं.

जुन्या कापडी तारा वाकवल्या की तडकतात. म्हणून सेट फार जुना असेल तर टोप्या जागेवरच ठेवून, बाकी सगळं झाकून, ब्रशनं रंगवतो. वेळ तिप्पट लागतो.

रंगाची छटा हा आमचा आवडता भाग. ‘काळा’ म्हणून आलेल्यांत करडा, तपकिरी, हॅमरटोन (हातोडीनं ठोकल्यासारखा दिसणारा रंग) असं काहीही निघतं. मूळ रंग बघायचा तर बोल्टचा वॉशर उचलून त्याखालची गोल कडी बघायची. तिथे ना ऊन पोचलेलं असतं, ना फडकं. १९५९ साली आलेल्या डायनॅको स्टीरिओ ७० या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर धडधाकट असतानाही बराच तापतो, त्यामुळे तिथे उष्णता सोसणारा इनॅमलच लागतो. साधा स्प्रे काही महिन्यांत पिवळसर पडतो, हे आम्ही पडू देऊनच शिकलो.

टोपीवरचे आकडे तर रंगवायचेच नाहीत. अमेरिकी ट्रान्सफॉर्मरवर ६०६ दिसलं तर तो शूमाकर कंपनीचा; पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. सुरुवातीच्या काळात असा एक नंबर आम्ही काळ्या रंगाखाली गाडला. मालक काही बोलला नाही, फक्त पुन्हा आला नाही.

दोघांचे आता चौघे झालो आहोत आणि निम्मं काम या ठोकळ्यांचंच असतं. सध्या टेबलावर एक आउटपुट (स्पीकरला जोडणारा) ट्रान्सफॉर्मर आहे. मालकिणीला आरशासारखा काळा हवाय. वॉशरखाली निघाला करडा हॅमरटोन, आणि टोपीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली कुणाची तरी दोन आद्याक्षरं. फोटो पाठवलाय. मास्किंग टेप लावून ठेवली आहे, त्यांचा निरोप आला की पुढचं ठरेल.