नॉरफोकच्या धसकटांत चांदीची पेनी

मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधायला आम्ही सप्टेंबरात इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या शेतांत गेलो. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून तिथलं नॉर्विच शहर गाडीने दोनेक तासांवर. पुढे मात्र स्वतःचं वाहन हवं. बस गावात सोडते, बांधावर नाही. सप्टेंबर एवढ्यासाठीच, की गहू निघालेला असतो, पुढची पेरणी व्हायची असते आणि शेतकरी शेतात शिरू देतो. परवानगी लेखीच घ्यावी, मालकाचा निम्मा वाटा त्यातच नमूद करून. संरक्षित स्मारकाच्या जागेवर मात्र मालक हो म्हणाला तरी सरकारी परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे.

उंच धसकटांवर डिटेक्टरची कॉइल, म्हणजे जमिनीलगत फिरवायची चकती, अधांतरी फिरते आणि पातळ नाणं हुकतं, म्हणून आम्ही आखूड कापलेला पट्टा धरला. कॉइल वरखाली करून ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज गाळला. लोखंड गाळण्याची सेटिंग अगदी खाली ठेवली. ती चढवली की खिळे गप्प होतात आणि खिळ्याशेजारची पेनीही. मध्ययुगीन पेनी जेमतेम दीड ग्रॅमची, 18 मिलिमीटरची. स्क्रीनवर तिचा आकडा पत्र्याच्या नि फॉइलच्या तुकड्यांतच पडतो, तेव्हा भिस्त कानावर. सिग्नलवर कॉइल फिरवायची, मग काटकोनात वळून पुन्हा. आवाज तुटला किंवा सरकला तर बहुधा वाकडा खिळा. दोन्हीकडून तोच आखूड, स्वच्छ सूर आला तर खणायचं.

कुदळ सिग्नलपासून वीतभर लांब घालावी, नाहीतर पातं नाण्यावरच बसतं. ढेकूळ उलटवून पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, तपासलं, तर निघाली अर्धी पेनी! तुटलेली नव्हे, मुद्दाम कापलेली. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने 1247 पासून पाडलेल्या या नाण्यांवर क्रूसाच्या भुजा थेट कडेपर्यंत जातात, कड कातरली तर लगेच दिसावं म्हणून. त्याच रेषेवर कापून लोक अर्धी-पाव पेनी करत. गोल अर्धी पेनी सर्रास मिळू लागली ती 1280 नंतर. आमच्या तुकड्यावर 'ऑन लुंड' एवढंच उरलंय, म्हणजे टाकसाळ लंडनची.

माती बोटाने चोळू नका, वाळूचे कण चांदीवर ओरखडे काढतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून आपोआप सुटू द्या. वाकलेलं नाणं सरळ करायला तर जाऊच नका, कडकन मोडतं.

तीनशे वर्षांपेक्षा जुनी चांदीची दोन नाणी एकत्र सापडली तर 14 दिवसांत कॉरोनरला (संशयास्पद मृत्यू आणि सापडलेली गुप्तधनं यांची चौकशी करणारा अधिकारी) कळवणं बंधनकारक आहे. एकट्यादुकट्या नाण्याची नोंद ऐच्छिक, पण जरूर करावी, नकाशावरची जागा दाखवणाऱ्या आठ आकडी ग्रिड संदर्भासह. त्याने जागा दहा मीटरच्या चौकोनात येते. आणि नाणं मुंबईला आणायचं मनात असेल तर आधी निर्यात परवाना काढा.