आमची वाटचाल : अंगण, ब्लॉक आणि पाऊस

२०१२ च्या जानेवारीत मी आणि माझा मेहुणा, दोघांनी मिळून साताऱ्यात घरांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायची कामं घ्यायला सुरुवात केली. त्याआधी मी ब्लॉकच्या कारखान्यात गाड्या भरायचं आणि हिशेबाचं बघायचो. ब्लॉक कसा ओततात, किती दिवस पाणी मारतात, मोटारीसाठी ६० मिलिमीटरचा का लागतो, हे पाठ होतं. ब्लॉक ज्या जमिनीवर बसतो तिची मात्र तेवढी ओळख नव्हती. पहिला उन्हाळा झकास गेला. कामं झाली, पैसेही वेळेवर आले.

दुसऱ्या वर्षी माहुलीच्या बाजूला एका काकींचं अंगण घेतलं. खाली काळी माती. आषाढात मुलाचा साखरपुडा होता, म्हणून घाई होती. दोन दिवस झड लागली, तिसऱ्या दिवशी जरा उघडीप मिळाली आणि आम्ही कामाला भिडलो. मुरूम ओला, ब्लॉकखाली अंथरायची कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, तीही ओली, तरी वरून दाबायचं मशीन फिरवलं. मशीन फिरेल तसं सांध्यांतून पाणी वर येत होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

नवरात्रात काकींचा फोन आला. जाऊन बघितलं, तर गाडीच्या दोन्ही चाकांखाली चर पडल्यासारखे ब्लॉक खचले होते. एका कोपऱ्यात तर घोटाभर पाणी. काकी रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाळा, गाडीला वाट केलीस, पाण्याला कुठं केलीस?"

सगळं उचकटलं. खाली कचेचा नुसता चिखल झाला होता. दीड फूट काळी माती काढली, माती आणि मुरूम एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरलं, त्यावर मुरमाचे चार-चार इंचाचे थर देत रोलर फिरवला. खर्च सगळा आमचा. त्या दिवाळीत मेहुण्याला आणि मला घरी न्यायला काही उरलं नाही. बायकोनं तिच्या बचत गटातून उचल घेतली आणि मजुरांचे पैसे चुकते केले. ते मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हापासून पावसाळ्यात काम घ्यायचं की नाही, हा प्रश्न आम्ही सरसकट सोडवत नाही. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, मग नियम एक कसा असेल? माणमधल्या दहिवडीकडचं काम जुलैतही उरकता येतं. जावळीत, मेढ्याच्या पुढे, मृग ते हस्त आम्ही मुळात खोदतच नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

बाकी ठिकाणी आधी ढाळ. दहा फुटाला अडीच इंच, घराकडून बाहेर. पन्हाळीचं पाणी अंगणात पडत असेल तर आधी पाईप घालून ते गटारात सोडायचं, मगच ब्लॉकचं बोलायचं. सखल बाजूला तात्पुरता चर काढायचा. आणि सकाळी तेवढंच खोदायचं, जेवढं संध्याकाळपर्यंत बुजवून होईल. सगळं अंगण एकदम उघडलं की एका सरीत त्याचं तळं होतं.

कच ताडपत्रीखाली, तीही खाली फळ्या टाकून. नवीन पोराला पहिल्यांदा मूठ शिकवतो: कच मुठीत दाबायची. पाणी गळलं तर आज काम बंद, लाडू वळला तर चालू द्या, भुगा झाला तर जरा शिंपडा. सांध्यांतली वाळू कोरडीच लागते, ओली आत उतरतच नाही. म्हणून एप्रिलमध्येच वाळू चाळून, वाळवून पोत्यांत भरून ठेवतो. उघडीप नसेल तर सांधे राहू देतो आणि मालकांना बजावतो, गाडी आत घेऊ नका. कडेचं काँक्रीट पक्कं झाल्याशिवाय मशीन चालवत नाही, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात.

पाऊस लागला म्हणून मजुराला रिकाम्या हातानं घरी पाठवत नाही, अर्धी हजेरी देतोच. ते आम्ही कोटेशनमध्येच धरतो. त्यामुळे आमचा दर थोडा चढा वाटतो. पण हजेरी बुडायची भीती असली की पोरं ओल्यावरच काम रेटतात, आणि ते खचतं.

२०२५ ला आमची परीक्षाच झाली. मृगाची वाट बघत होतो आणि पाऊस २५ मेच्या सुमारासच राज्यात दाखल झाला. गोडोली, शाहूपुरी आणि कोरेगाव रस्ता, तिन्हीकडे कामं उघडी होती. दोन ठिकाणी मुरूम झाकून सरळ थांबलो. तिसऱ्या घरी पाण्याची वाट आधीच काढलेली होती, तिथं सरी ओसरतील तसं पुढे सरकत बारा दिवसांत उरकलं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही दोघं छत्री घेऊन जुन्या कामांवरून एक फेरी मारतो. पाणी कुठं थांबतंय, कुठून पळतंय ते बघतो आणि वहीत टिपतो. फेरीची सुरुवात माहुलीतून होते. काकींच्या अंगणात आता नात सायकल फिरवते. यंदाही पाणी फाटकाशी वळून गटारात जाताना उभं राहून बघितलं, मग आत जाऊन चहा घेतला.