तुम्ही विचारलंत म्हणून: माझा लिटरांचा हिशेब

गाडी चार्जिंगला लावलेली दिसली की कुणी ना कुणी विचारतंच, "पेट्रोलची सोडून ही घेतलीत, पैसे खरंच वाचतात का?" गेली चार वर्षं हा प्रश्न मी ऐकते आहे. "हो" म्हणून मोकळं होता येईल, पण विचारणाऱ्याची बरीच मोठी रक्कम त्या एका शब्दावर हलणार असते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी गाडीची वही ठेवते. जुन्या पेट्रोल गाडीची अकरा वर्षांची वही आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ. त्यातून ॲव्हरेज निघालं लिटरला १५. इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा चार्जिंगच्या लाइनवर वेगळा मीटर बसवून घेतला. गाडीच्या स्क्रीनवर दिसतं, युनिटला सव्वासात किलोमीटर. मीटरवरून मोजलं तर साडेसहा. भिंतीतून निघालेल्या विजेतला दहाएक टक्के भाग बॅटरीत पोचेपर्यंत उष्णता होऊन जातो, आणि बिल येतं ते मीटरचं. कुणी तुम्हाला स्क्रीनवरचा आकडा सांगितला तर तेवढा भाग आधी वजा करा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. माझी जुनी गाडी ती सगळी जाळून १५ किलोमीटर जायची. तेवढंच अंतर नवी गाडी मीटरवरच्या २.३ युनिटांत कापते. उरलेली ऊर्जा जुन्या गाडीत जायची कुठे? बरीचशी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून, उष्णता होऊन. सिग्नलला उभं असताना इंजिन चालूच, आणि ब्रेक दाबला की कमावलेला वेग डिस्क तापवण्यात संपला. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटरच जनित्र होते आणि त्या वेगातला बराचसा भाग परत बॅटरीत येतो. म्हणून गर्दीच्या, थांबत-थांबत जाण्याच्या रस्त्यावर या गाडीचा फायदा सगळ्यात जास्त. इंजिन नेमकं तिथेच सगळ्यात जास्त पितं.

दर प्रत्येकाचे वेगळे, म्हणून मी हिशेब पैशांत न मांडता लिटरांत मांडते. माझ्याकडे घरच्या विजेचं एक युनिट एका लिटर पेट्रोलच्या दहाव्या हिश्श्यात पडतं. शंभर किलोमीटरला जुन्या गाडीला ६.७ लिटर लागायचे. नवीला १५.४ युनिटं, म्हणजे दीड लिटरची किंमत. शंभर किलोमीटरमागे ५.१ लिटर वाचले. तुमच्याकडचा दर घालून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

इथवर ऐकून लोक खूश होतात आणि उठायला लागतात. मी त्यांना बसवते, कारण खरी मेख पुढे आहे. बचत होते किलोमीटरमागे, आणि खर्च होतो वर्षामागे. गाडी उभी असली तरी तिची किंमत उतरते, विम्याचा हप्ता जातो, कर्ज असेल तर व्याज चढतं. माझी गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ३,००० लिटर पेट्रोलच्या किमतीइतकी महाग होती. ते अंतर भरून निघायला घरच्या चार्जिंगवर ५८ हजारांहून जास्त किलोमीटर लागतात. वर्षाला वीस हजार चालवणाऱ्याचे ते तीन वर्षांत निघतात. पाच हजार चालवणाऱ्याला बारा वर्षं लागतील, आणि त्याला मी कळकळीने सांगते, बचतीसाठी म्हणून घेऊ नका. शांतता आवडते, धूर नको वाटतो, म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या. तीही खरी कारणं आहेत, फक्त ती वहीत लिहिता येत नाहीत.

शिवाय हा ३,०००चा आकडा केव्हा लागू होतो? तुम्ही नाहीतरी नवी गाडी घेणारच असाल तेव्हा. माझ्या मावसभावाची गाडी सहा वर्षांची, धडधाकट, महिन्याला चारशे किलोमीटर. ती विकून इलेक्ट्रिक घ्यायची असं त्याच्या मनात होतं. त्याच्यासाठी फरक दोन नव्या गाड्यांच्या किमतींतला नव्हताच. जुन्या गाडीचे जे येतील ते वजा जाता नव्या गाडीची उरलेली सगळी किंमत हाच त्याचा खर्च. एवढी रक्कम महिन्याला चारशे किलोमीटरवर कधी वसूल व्हायची? मी त्याला ती गाडी झिजेपर्यंत वापरायला सांगितलं. माझी जुनी गाडी तेव्हा अकरा वर्षांची होती, क्लच आणि सस्पेन्शन दोन्ही काढायला आले होते. मला ती बदलायचीच होती.

दुसरी मेख चार्जिंग कुठे करता ही. हायवेवरचा फास्ट चार्जर मला घरच्या दराच्या तिप्पट पडतो. त्यात वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि माझी गाडी तिथे युनिटला पाचवरच येते. म्हणजे शंभर किलोमीटरला सहा लिटरची किंमत. जुनी गाडी त्याच रस्त्यावर लिटरला १८ द्यायची, म्हणजे साडेपाच लिटरांत काम व्हायचं. हायवेवर मी काहीच वाचवत नाही, उलट थोडं जास्तच देते. गाडी लावायला हक्काची जागा आणि तिथे प्लग नसेल, सगळं चार्जिंग बाहेरच करावं लागणार असेल, तर घरी चार्जिंग करणाऱ्यांचे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत.

सर्व्हिसिंगला खर्च कमी येतो हे खरं. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाहीत, क्लच प्लेट नाही, ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात, कारण बॅटरीचं वजन आणि मोटरचा जोर दोन्ही त्यांच्यावर पडतं. आणि यातही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, हे मला एका सकाळी कळलं. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आणि गाडी ढिम्म. मोठ्या बॅटरीची जोडणी चालू करणारे स्विच त्या छोटीवर चालतात, आणि ती गेली होती.

"आणि बॅटरी गेली तर?" हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, बहुधा क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. बॅटरी एका दिवसात बंद पडण्यापेक्षा हळूहळू कमी साठवायला लागते. मला जास्त काळजी वेगळीच वाटते. २०१० मध्ये बॅटरीची किंमत साठवणुकीच्या एका युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती. ऊर्जा-बाजाराचा अभ्यास करणाऱ्या ब्लूमबर्गएनईएफ या संस्थेच्या २०२४च्या पाहणीत ती ११५ डॉलरवर आली. नवी गाडी घेणाऱ्याला हे सुखाचं, पण ज्याने चार वर्षांपूर्वी घेतली त्याच्या गाडीची किंमत यानेच उतरते. सेकंडहँड घेणाऱ्याचं मात्र यात साधतं, बॅटरीची तपासणी नीट करून घेतली तर. आज मला पुन्हा घ्यायची असती तर मी तीन वर्षं वापरलेली शोधली असती.

माझ्या वहीचं विचाराल तर ती आज अशी आहे. चार वर्षांत ५६ हजार किलोमीटर. त्यातले ४८ हजार घरच्या विजेवर, तिथे सुमारे २,४५० लिटर वाचले. बाहेरचे ८ हजार, तिथे पस्तीसएक लिटर गेले. सर्व्हिसिंगमधून वाचलं त्यातून विम्याचा आणि टायरचा जास्तीचा खर्च वजा केला की आणखी दीडशे जमेला. एकूण २,५७० च्या आसपास. ३,००० पैकी सव्वाचारशे लिटर अजून फिटायचे आहेत, आणि सध्याच्या फिरण्यावर ते फिटायला आठ-नऊ महिने लागतील.