रेषेबाहेरचे फूल

परवा दुपारी रंगवहीतल्या जास्वंदीचा लाल रंग काळ्या रेषेबाहेर ओघळला, म्हणून लेक ते पानच फाडायला निघाली. मला आमचे चित्रकलेचे गुरुजी आठवले. रंग रेषेबाहेर गेला की ते बोटाच्या पेरावर शिसपेन्सिलीचे टोक टोचत. त्यामुळेच की काय, रेषेत नेटकी बसलेली फुले मला आजतागायत कोंडल्यासारखी वाटतात.

चांगचौच्या युन शौपिंग या सतराव्या शतकातल्या चिनी चित्रकारावर माझा जीव जडला तो यामुळेच. हा गृहस्थ फुलाला रेषाच काढत नसे. पाण्यात कालवलेला रंग कुंचल्याने थेट रेशमावर किंवा कागदावर टेकवायचा आणि तो ओला असतानाच दुसरी छटा त्यात उतरू द्यायची. रंग जिथे थांबला, तीच पाकळीची कड. या रीतीला चिनी भाषेत ‘मोगू’, म्हणजे ‘हाडांवाचून’, म्हणतात. आरंभीच्या सोंग काळातल्या, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकातल्या, शू चोंगसी या चित्रकाराशी तो तिचे नाते सांगे. पण मागे पडलेली ही रीत पुन्हा चालती झाली ती त्याच्यामुळे. त्याच्या पिओनीच्या फुलांकडे पाहताना कागद अजून वाळायचा आहे असे वाटून मी उगाच बोट आवरतो.

त्याचा जन्म 1633चा. वडील उत्तरेकडून चीन जिंकत आलेल्या मांचूंविरुद्ध लढत होते आणि 1648मध्ये फुजियान प्रांतातले च्येननिंग शहर पडले तेव्हा पंधरा वर्षांचा हा मुलगा शत्रूच्या हाती लागला. तिथे एका बड्या मांचूपक्षीय अधिकाऱ्याच्या पत्नीने त्याला पोटच्या मुलासारखे ठेवून घेतले. पुढे हांगचौच्या लिंगयिन मठात त्याची वडिलांशी गाठ पडली, तेव्हा संन्यास घेतला नाही तर हा मुलगा अल्पायुषी ठरेल अशी भीती मठाधिपतींनी त्या बाईंना घातली आणि त्याला सोडवून घेतले, असे सांगतात. ती थाप होती हे उघड आहे, पण त्या बाईंचे मला वाईट वाटते.

मांचूंच्या नव्या राजवटीची चाकरी त्याने कधी केली नाही. चित्रे विकून तो जगला. आधी तो निसर्गचित्रे काढी, पण मित्र वांग हुई त्यात सरस निघाला आणि दुसऱ्या क्रमांकाची लाज वाटून हा फुलांकडे वळला, अशी आख्यायिका आहे. मला ती पुरती पटत नाही, कारण निसर्गचित्रे त्याने पुढेही काढलीच.

1690मध्ये तो गेला तेव्हा घरात अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते आणि तो खर्च वांग हुईने केला, असे म्हणतात. पुढच्याच वर्षी वांग हुई पेकिंगला गेला, मांचू बादशहाच्या दक्षिण दौऱ्याची चित्रे करवून घ्यायला.