सोबत नेता येईल असे इलेक्ट्रॉनिक ड्रम किट निवडताना

‘पोर्टेबल’ असे खोक्यावर ठळक छापलेले असते, पण किट हलके करण्यासाठी त्यातून काय काय काढून टाकले आहे, हे खोक्यावर कुठेच लिहिलेले नसते. कोणतेही लहान इलेक्ट्रॉनिक ड्रम किट पाहताना मी आधी याच गोष्टीचा शोध घेतो. किट लहान करताना पॅडचा व्यास कमी केला जातो, किकचे, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे, उभे पॅड जाऊन त्या जागी नुसते पेडल येते, हाय-हॅटचे, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचे, काम उघड-मिट एवढ्यावर येऊन ठेपते आणि सिंबलची, म्हणजे झांजेची, कड हाताने धरून आवाज थांबवण्याची सोय बहुधा उरत नाही. यातले काय गेले तर चालेल, हे ज्याच्या त्याच्या वाजवण्यावर अवलंबून आहे. हलका ठोका ओळखण्याची क्षमता मात्र कोणत्याही कारणाने गमावू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण ड्रमवादनातला जिवंतपणा जोरकस ठोक्यांइतकाच त्यांच्यामधल्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यांमध्ये असतो.

बाजारात या नावाखाली खूप वेगवेगळी वाद्ये मिळतात. घडी घालता येणाऱ्या रॅकवर सुटी पॅड बसवलेली किट्स, टेबलावर ठेवून वाजवायची एकसंध किट्स, स्टँडवर लावायची पर्कशन पॅड्स आणि गुंडाळी करून ठेवता येणारी सिलिकॉनची किट्स, असे त्यांचे ढोबळ प्रकार आहेत. यांपैकी गुंडाळीच्या किटची शिफारस मी गंभीरपणे शिकणाऱ्या कोणालाही करणार नाही. त्यातली अनेक किट्स ठोका हलका की जोरकस हे ओळखतच नाहीत, आणि सपाट, मऊ पृष्ठभागावर स्टिक नीट उसळत नसल्यामुळे मनगटाला चुकीचे वळण लागते. टेबलावरच्या किटची गोष्ट वेगळी आहे. यामाहाच्या डीडी-७५ मध्ये आठ पॅड, दोन पेडल आणि स्पीकर असे सगळे एकाच डब्यात मिळते. घरी ताल पक्का करायला आणि चार मित्रांबरोबर वाजवायला ते पुरेसे आहे.

हलक्या ठोक्याची परीक्षा कशी घ्यावी, हे थोडे सविस्तर सांगतो. पॅडच्या रबराखाली किंवा जाळीखाली पिझो सेन्सर असतो. आघाताच्या कंपनाने त्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि तो किती आहे हे मोजून मॉड्यूल, म्हणजे किटचा आवाज तयार करणारा भाग, आवाजाची पातळी ठरवते. १९८३ साली रूढ झालेल्या मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामायिक संकेत-पद्धतीत ठोक्याची तीव्रता १ ते १२७ या आकड्यांत नोंदवली जाते, पण एखादे स्वस्त पॅड त्यातल्या मोजक्याच पायऱ्या प्रत्यक्षात वापरते. म्हणून दुकानात गेल्यावर तयार ताल आणि झगमगीत आवाज बाजूला ठेवावेत, स्नेअरचा, म्हणजे सेटमधल्या कडक, तडतडत्या आवाजाच्या ड्रमचा, साधा आवाज निवडावा, स्टिकचे टोक पॅडपासून दोन बोटे उंचीवर धरावे आणि जवळजवळ स्वतःच्या वजनाने पडू द्यावे. असे ठोके एकसारखे वाजवत राहिल्यावर मधला एखादा गायब होत असेल, तर आधी मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता वाढवून आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका नोंदवला जाण्याची किमान पातळी, कमी करून पाहावे. तरीही ठोके गळत असतील तर ते किट खुशाल खाली ठेवावे. त्यानंतर तोच ठोका हळूहळू वाढवत जोरापर्यंत न्यावा. आवाज चढणीसारखा सलग वाढला पाहिजे, जिन्यासारखा टप्प्याटप्प्याने नव्हे. शेवटी एक पॅड जोरात वाजवून शेजारचे पॅड आपोआप वाजते का, तेही तपासावे. लहान किटमध्ये सगळी पॅड एकाच चौकटीत बसवलेली असल्याने हा दोष त्यांच्यात अधिक आढळतो.

हाताइतकेच लक्ष पायाकडे द्यायला हवे, आणि नेमके तिथेच खरेदीदार कमी पडतात असे मला वाटते. हाय-हॅट पूर्ण मिटलेली, अर्धवट उघडी आणि पूर्ण उघडी या तीन अवस्थांच्या मधल्या छटा ज्या पेडलने मिळतात, ते पेडल साध्या चालू-बंद स्विचपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. पेडल सावकाश दाबत हाय-हॅटवर सलग वाजवून पाहिले की फरक लगेच कानावर येतो. किकच्या बाबतीत, बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) नसलेले पेडल पिशवीत सहज मावते. पण पायाला प्रतिसाद देणारा धक्का त्यात जाणवत नाही, त्यामुळे पुढे मोठ्या ड्रम सेटवर वाजवणार असाल तर लहान किक पॅड आणि नेहमीचे पेडल वेगळे बाळगणे हिताचे. बाहेर कार्यक्रम करणाऱ्यांना मी याच कारणासाठी पर्कशन पॅड सुचवतो. रोलँडने पहिला ऑक्टापॅड १९८५ मध्ये आणला, तेव्हापासून आठ पॅड एका चौकटीत ही रचना टिकून आहे. आणि एसपीडी-३० सारख्या मॉडेलला किक, स्नेअर, हाय-हॅट आणि राइड (ताल धरायची मोठी झांज) बाहेरून जोडता येत असल्याने गरजेनुसार किट वाढवता येते. हीच सोय नसलेली, दिसायला अगदी तशीच पॅड्सही मिळतात, म्हणून पाठीमागची सॉकेट स्वतः पाहूनच घ्यावीत.

जाळीचे पॅड की रबराचे, या प्रश्नावर माझा कल जाळीकडे आहे. जाळीचा ताण कमी-जास्त करता येतो आणि तिच्यावर ठोक्याचा प्रत्यक्ष आवाजही कमी होतो. हेडफोन लावले म्हणजे शेजाऱ्यांना त्रास होणार नाही, हा समज मात्र अपुरा आहे, कारण खालच्या मजल्यावर पोहोचतो तो जमिनीतून जाणारा पेडलचा धक्का. त्यासाठी जाड रबरी चटई लागते आणि तिचे वजन सामानात धरावे लागते.

आवाज बाहेर कसा काढणार, हाही विचार आधीच व्हावा. ठोका पडल्यापासून आवाज येईपर्यंत काही मिलिसेकंदांचा विलंब प्रत्येक मॉड्यूलमध्ये असतोच. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे साडेतीन मीटरांवरच्या स्पीकरचा आवाजही सुमारे १० मिलिसेकंद उशिराच पोहोचतो, त्यामुळे तेवढ्याने बिघडत नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये मात्र हा विलंब बऱ्याचदा १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, हे लक्षात घेतले की वाजवणारा का अडखळतो ते कळते. किटमधले ब्लूटूथ फोनवरचे गाणे आत घेऊन त्यासोबत वाजवण्यासाठी उत्तम आहे. स्वतःचे वाजवणे ऐकण्यासाठी वायरचेच हेडफोन हवेत.

आता खऱ्या अर्थाने नेण्या-आणण्याचा भाग. वजनाचा आकडा सगळेच पाहतात, पण मी सर्वांत लांब तुकड्याची लांबी आणि सुट्या भागांची संख्या आधी विचारतो. एकच पाइप पिशवीबाहेर राहत असेल तर किट हलके असूनही दर वेळी अडचण होते. घडीच्या रॅकवरचे क्लॅम्प नेहमीच्या जागी चटकन बसावेत म्हणून पाइपवर रंगीत चिकटपट्टीने खुणा कराव्यात, आणि केबल्स रॅकलाच बांधून ठेवाव्यात. मांडणीतला बराचसा वेळ केबल शोधण्यात जातो. शक्य असल्यास विक्रेत्यासमोर किट एकदा पूर्ण मिटवून पुन्हा उभे करून पाहावे.

वीजपुरवठ्याकडे बहुतेकांचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. अडॅप्टर बदलायचा झाल्यास व्होल्टेज आणि करंट यांबरोबर प्लगची ध्रुवता जुळली पाहिजे, कारण काही वाद्यांत मधली पिन ऋण असते तर काहींत धन. ही आकृती अडॅप्टरवर आणि वाद्यावर छापलेली असते. यूएसबीवर चालणारे किट पॉवर बँकेवर वापरायचे असेल, तर आपल्याच पॉवर बँकेवर ते बराच वेळ चालवून पाहावे. किट फारच कमी वीज घेत असेल तर काही पॉवर बँका फोन पूर्ण चार्ज झाला असे समजून स्वतःहून बंद होतात. विमानाने जाताना ती हातातल्या सामानात ठेवावी लागते, आणि १०० वॉट-अवरपर्यंतच्या बँकेला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. ३.७ व्होल्टच्या सेलवर २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे ती या मर्यादेत आरामात बसते.