इग्झॅक्टलीने पुन्हा दगा दिला

मी इंग्रजी शिकते आहे, आणि मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ‘इग्झॅक्टली’ या शब्दाची 18 कार्डं पक्की झाली, आता ‘जस्ट’ घेते. शब्द मागे घेते. ‘जस्ट’ राहिलं बाजूला, अंकी या पाठांतराच्या ॲपमधली ती 18 कार्डं पुन्हा शून्यावर आणली आहेत.

झालं असं. इंग्लंडमधल्या लीड्सची माझी एक भाषेची जोडीदार आहे. सासर सोलापूरचं, दर आठवड्याला मला मराठी परिच्छेद पाठवते आणि बदल्यात माझं इंग्रजी तपासते. तिने आजेसासूंवर पानभर लिहून पाठवलं. पहिला परिच्छेद सुरेख, दुसऱ्यात विभक्तीचे दोन-तीन घोळ. मला म्हणायचं होतं, दुसरा पहिल्याइतका जमला नाही, पण बरा आहे. लिहिलं काय, तर ‘द सेकंड पॅराग्राफ इज नॉट इग्झॅक्टली गुड.’ दोन दिवस सामसूम. तिसऱ्या दिवशी एकच शब्द आला: ‘आउच.’

माझा हिशोब सरळ होता. इग्झॅक्टली म्हणजे अगदी. नॉट इग्झॅक्टली म्हणजे अगदी नाही, जरा कमी. शंभरातून दहा वजा. पण ‘ही इज नॉट इग्झॅक्टली अ जिनियस’ म्हटलं की तो नव्वद टक्के हुशार ठरत नाही. तो ढ ठरतो, वर टोमणा फुकट. मग ‘दे आर नॉट इग्झॅक्टली द सेम’मध्ये हा टोमणा जातो कुठे? तिथे दहाच वजा होतात की!

या एका प्रश्नात चार संध्याकाळी गेल्या. इंग्रजी-मराठी कोश ‘तंतोतंत, नेमकेपणाने’ एवढं सांगून हात झटकतात. ‘नॉट’ लागल्यावर काय होतं ते बघायला लर्नर्स डिक्शनरीच, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी कोशच उघडावा लागतो, आणि माझं मत विचाराल तर नवशिक्याने पहिले पैसे त्याच्यावरच घालावेत. मग कोका कॉर्पस, म्हणजे खऱ्या वापरातल्या इंग्रजीचा ऑनलाइन साठा. अमेरिकन इंग्रजीचे शंभर कोटींहून जास्त शब्द तिथे आहेत. ‘नॉट इग्झॅक्टली’ टाकायचं आणि उजवीकडचे शब्द बघत बसायचं: शुअर, व्हॉट, द सेम, अ… वाक्यं वहीत उतरवून दोन ढीग केले, पण ढिगांमधली भिंत काही सापडेना.

ती सापडली स्वयंपाकघरात. मी मेथी निवडत होते आणि आई फोनवर मावशीला कुणाबद्दल तरी सांगत होती, ‘तो काही मोठा हरिश्चंद्र लागून गेलेला नाही!’ मेथी तशीच टाकून उठले. हेच ते! ‘ही इज नॉट इग्झॅक्टली अ सेंट.’ मी आपली ‘अगदी’च्या मागे धावत होते, आणि काम करत होतं ‘काही… नाही’. ‘इट्स नॉट इग्झॅक्टली चीप’ म्हणजे ‘काही स्वस्त नाहीये हं ते’. ‘आय वॉज नॉट इग्झॅक्टली हॅपी’ म्हणजे ‘मी काही खूश नव्हते’, खरं तर चांगलीच भडकले होते.

त्यावरून एक चाचणी बसवली. वाक्यात ‘तंतोतंत’ घालून बघायचं. ‘तंतोतंत सारखे नाहीत’ चालतं, म्हणजे साधा अर्थ. ‘तंतोतंत हुशार नाही’ हास्यास्पद वाटतं, म्हणजे टोमणा. तिथे ‘काही… नाही’ लावायचं. गळती आहेच. ‘आय ॲम नॉट इग्झॅक्टली शुअर’मध्ये तंतोतंत बसत नाही आणि टोमणाही नाही, तिथे ‘नक्की माहीत नाही’ लागतं. आणि ‘झालं का काम?’ याला नुसतं ‘नॉट इग्झॅक्टली’ म्हणजे आपलं ‘झालं… म्हणजे तसं नाही’. बाकी वहीतल्या वाक्यांपैकी बहुतेकांना चाचणी लागू पडली. माझं ‘नॉट इग्झॅक्टली गुड’ कुठल्या ढिगात गेलं ते सांगत नाही.

छोटे विजय दोन. उच्चार सुटला: एक्झॅक्टली नव्हे, इग्झॅक्टली, आणि भराभर बोलताना टही गळतो, ‘इग्झॅक्ली’. एक्सनंतरच्या स्वरावर जोर आला की बहुधा ‘ग्झ’ होतो, म्हणून एक्सिक्यूट पण इग्झेक्युटिव्ह. दुसरा जास्त गोड. ‘व्हॉट इग्झॅक्टली आर यू डुइंग?’ आणि ‘नक्की काय चाललंय तुझं?’ शब्दाला शब्द तर जुळतोच, वरचा आठ्या घातलेला सूरही जुळतो. मात्र त्या लाडात ‘आय विल इग्झॅक्टली कम’ करू नका. ‘नक्की येते’मधलं नक्की ‘डेफिनेटली’च्या घरचं.

पुढचा बेत ‘प्रिसाइसली’चा होता. तो लिहिता लिहिताच रद्द करते आहे, कारण माफीच्या निरोपावर जोडीदारीणबाईंचं उत्तर आलं: ‘मी उद्या नेमकी पाच वाजता फोन करीन.’ तिला ‘बरोब्बर पाच वाजता’ म्हणायचं होतं. आपल्या कानाला मात्र त्या ‘नेमकी’त कुरकुर ऐकू येते, जणू ती मुद्दाम माझ्या अडचणीची वेळ साधणार आहे. तेव्हा लक्षात आलं, कार्डं मी उलट्या टोकाने करत होते. ‘नेमका’पासून सुरुवात करायला हवी. ‘नेमका आजच पाऊस आला’ याला ‘इग्झॅक्टली टुडे’ म्हणाल तर इंग्रज बघत राहील. तिथे ‘इट हॅड टु रेन टुडे, ऑफ ऑल डेज’. ‘नेमका तोच भेटला’, ‘हिम, ऑफ ऑल पीपल’. ‘नेमकी मी निघताना’, ‘जस्ट ॲज आय वॉज लीव्हिंग’. म्हणजे ‘जस्ट’ बाजूला ठेवलं होतं ते मागच्या दाराने आत आलंच. अशी 11 कार्डं झाली आहेत, अजून सुचत असतील तर टाका.

फोन दुसऱ्या दिवशी आला. मी संध्याकाळी पाचला वही घेऊन बसले होते. तिचे पाच वाजले आपल्या साडेनऊला, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. अंधारात मी पहिलं वाक्य म्हटलं, ‘द लाइट हॅड टु गो नाऊ, ऑफ ऑल टाइम्स!’ ती म्हणाली, वाक्य झकास, फक्त लाइट नाही, पॉवर.