जुनं होणारं पुस्तक आणि न होणारं

शनिवार, रात्र

शेजारच्या काकूंचा मुलगा संध्याकाळी आला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांचं उत्पादन नोंदवणारा प्रोग्रॅम तो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहितोय. लाइट गेली की शेवटच्या काही नोंदी गायब. "दादा, फाइलमध्ये लिहिणाऱ्या राइट कॉलनं तर यश सांगितलं होतं!" मी मायकेल केरिस्कचं 'द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस' काढून तेरावं प्रकरण पुढे ठेवलं. राइट परत आलं म्हणजे माहिती कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीत पोचली, डिस्कवर नाही. ती खरोखर उतरवायची तर एफसिंक हा दुसरा कॉल. फाइल नवीन असेल तर तिच्या डिरेक्टरीवरही एफसिंक हवं. त्यानं उभ्याउभ्याच प्रकरणाचा बराच भाग वाचला.

मग म्हणाला, "पण पुस्तक 2010चं आहे. आता घेऊन काय उपयोग?"

हा प्रश्न मला फार आवडला. चालू प्रोग्रॅम मोडेल असा बदल कर्नलमध्ये करायचा नाही, हा नियम लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स कटाक्षानं पाळायला लावतात. म्हणून फोर्क (नवी प्रोसेस सुरू करणारा कॉल), राइट, एफसिंक केरिस्कच्या पुस्तकात आहेत तसेच आजही वागतात. रिचर्ड स्टीव्हन्सचं युनिक्सवरचं (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या सिस्टिमवरचं) पुस्तक 1992चं. ते 1999 साली गेले, पुढच्या आवृत्त्या स्टीफन रागोंनी केल्या, तरी गाभा तोच. उलट 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स'ची तिसरी आवृत्ती, 2005ची, कर्नल 2.6.10 वर बेतलेली. कर्नलच्या आतले इंटरफेस, म्हणजे त्याच्या भागांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धती, मात्र कुणी जपत नाही, त्यामुळे तिच्यातला बराचसा कोड आता कंपाइलच होत नाही. ती फुकट मिळते, कल्पना समजून घ्यायला जरूर वाचावी. पैसे मात्र पहिल्या प्रकारच्या पुस्तकावर घालावेत.

नवीन गोष्टी पुस्तकात नसणारच. आयओ-युरिंग ही वाचण्या-लिहिण्याची नवी पद्धत 2019 साली आली, तिच्यासाठी मॅन पेज, म्हणजे लिनक्सचं माहितीपान, उघडायचं: सिस्टिम कॉल (राइटसारख्या, कर्नलकडे केलेल्या मागण्या) विभाग दोनमध्ये, लायब्ररीची फंक्शन्स तीनमध्ये. लिनक्सच्या मॅन पेजेसचा प्रकल्पही केरिस्कनीच अनेक वर्षं सांभाळला. कॉल फसला तर कोणता एरर येतो, हे त्यांत सविस्तर असतं, आणि नवशिके नेमका तोच भाग सोडतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण प्रोग्रॅम कारखान्यात टिकतो तो त्या भागामुळेच.

दीड हजार पानांचं पुस्तक एकट्याला महागच. चौघांनी वर्गणी काढून एक प्रत घ्या म्हटलं. तोवर माझी घेऊन गेलाय; चौथं, पाचवं आणि तेरावं प्रकरण आधी, बाकीचं लागेल तसं.